पासपोर्ट, प्रतिज्ञापत्र आणि एक आवाज : पॉल रॉबसन यांची आठ वर्षं

१९५० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने कृष्णवर्णीय अमेरिकी गायक आणि नट पॉल रॉबसन यांचा पासपोर्ट रद्द केला. तो परत मिळायला १९५८ चा जून उजाडला. मधल्या काळात त्यांच्यावर एकही गुन्हा दाखल झाला नाही, कुठल्याही न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावली नाही. तरीही वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त कमावणाऱ्या गायकाचं उत्पन्न काही हजारांवर आलं.

रॉबसन यांच्याविषयी जे लिहिलं जातं ते बहुधा त्यांच्या आवाजाबद्दल असतं, नाहीतर त्यांच्या राजकारणाबद्दल. मला इथे त्या आठ वर्षांतले निर्णय तपासायचे आहेत. सरकारचे, न्यायालयांचे, त्यांच्याच समाजातल्या पुढाऱ्यांचे आणि मुख्यतः त्यांचे स्वतःचे. खटला न भरता कलावंताची मुस्कटदाबी कशी करतात आणि ती मोडायला काय काय लागतं, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं प्रकरण मला ठाऊक नाही.

पार्श्वभूमी

पॉल रॉबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला झाला. वडील विल्यम ड्रू रॉबसन नॉर्थ कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मले, पंधराव्या वर्षी पळाले, शिकले आणि चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले. पॉल पाच वर्षांचे असताना आई घरातच भाजून वारल्या. या मुलाने पुढे रटगर्स महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळवली. १९१७ आणि १९१८ अशी सलग दोन वर्षं तो अमेरिकी फुटबॉलच्या अखिल अमेरिकी संघात निवडला गेला आणि पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा मानही त्याला मिळाला. १९२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, पण वकिली फार टिकली नाही. काळ्या माणसाने सांगितलेला मजकूर लिहून घ्यायला कचेरीतल्या गोऱ्या लघुलेखिकेने नकार दिला आणि रॉबसन यांनी ती नोकरीच सोडली.

रंगभूमीवर ते आधीपासून वावरत होतेच. १९२५ मध्ये पियानोवादक लॉरेन्स ब्राउन यांच्या साथीने त्यांनी न्यूयॉर्कमध्ये संपूर्ण कार्यक्रम कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांचा आणि लोकगीतांचा केला. गुलामांच्या वस्तीतलं गाणं त्यांनी मैफिलीत मुख्य जागेवर आणून बसवलं. १९२८ मध्ये ‘शो बोट’ या संगीतिकेसाठी ते लंडनला गेले, १९३० मध्ये तिथेच ऑथेल्लो झाले. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर त्यांचा ऑथेल्लो आला तेव्हा त्याचे २९६ प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या नाटकाचे इतके सलग प्रयोग ब्रॉडवेने त्याआधी पाहिले नव्हते.

त्यांच्या राजकारणाची जडणघडण मात्र लंडनमध्ये झाली. वेल्समधून उपासमारीची दाद मागायला आलेले खाणकामगार रस्त्यावर गाताना त्यांना भेटले, आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. आफ्रिकेतले तरुण विद्यार्थी, वसाहतींतले चळवळे त्यांना तिथेच भेटले. १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरूंशी ओळख झाली तीही लंडनमध्ये. त्याच वर्षी ते यादवी युद्धाच्या धामधुमीत स्पेनला जाऊन सैनिकांसमोर गायले. ‘शो बोट’मधलं मिसिसिपी नदीवरचं गाणं त्यांच्या नावाशी कायमचं जोडलं गेलेलं होतं. जगण्याला कंटाळलेल्या आणि मरणाला भ्यायलेल्या माणसाची त्यातली ओळ त्यांनी बदलली आणि मरेपर्यंत लढत राहण्याची केली. पुढे प्रत्येक मैफिलीत ते ती बदललेली ओळच गात.

सोव्हिएत संघात ते प्रथम १९३४ च्या अखेरीस गेले. तिथे आपल्याला माणूस म्हणून वागवलं गेलं, असं ते जन्मभर सांगत राहिले. या प्रकरणातली सगळ्यात अवघड गाठ तीच आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

पेच कसा उभा राहिला

१९४६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत युद्धावरून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना जमाव ठार मारत होते. रॉबसन शिष्टमंडळ घेऊन राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना भेटले आणि झुंडबळींविरुद्ध कायदा मागितला. ही वेळ योग्य नाही, असं उत्तर मिळालं. त्यावर रॉबसन म्हणाले की सरकार संरक्षण देणार नसेल तर लोक स्वतःचं संरक्षण स्वतः करतील. भेट तिथेच फिसकटली.

एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत ते बोलले. वृत्तसंस्थेने अमेरिकेत पाठवलेल्या बातमीचा आशय असा होता की अमेरिकेतले कृष्णवर्णीय सोव्हिएत संघाविरुद्ध लढणारच नाहीत. भाषणाच्या नोंदीतले शब्द वेगळे होते. आपल्याला कुणाशीच युद्ध नको, असा त्यांचा रोख होता. पण खुलासा वाचायला कुणी थांबलं नाही. जुलैमध्ये बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांना संसदीय समितीपुढे बोलावून त्यांच्याकडून रॉबसन यांचं खंडन करून घेण्यात आलं. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किलला त्यांच्या मैफिलीवर दोनदा हल्ला झाला. पहिली मैफल उधळली गेली. दुसरी कामगारांनी भोवती कडं करून पार पाडली, पण परतणाऱ्या बसगाड्यांवर दगडांचा वर्षाव झाला आणि शंभराहून जास्त माणसं जखमी झाली.

मग सभागृहं मिळेनात. तबकड्या दुकानांतून गेल्या. मार्च १९५० मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांना ठरलेलं असूनही येऊ दिलं नाही. फुटबॉलच्या एका नोंदपुस्तकात १९१८ चा अखिल अमेरिकी संघ छापताना अकराऐवजी दहाच नावं छापली गेली. हा तपशील वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ज्या माणसाचा बत्तीस वर्षांपूर्वी मैदानावर खेळलेला खेळही पुसला गेला, त्याला समाजाने वाळीत टाकलं एवढंच म्हणून भागत नाही.

देशात काम उरलं नव्हतं, परदेशात मात्र सभागृहं भरत होती. म्हणजे आता पोटापाण्याचा आणि बोलण्याचा रस्ता एकच राहिला होता, आणि त्या रस्त्याची किल्ली म्हणजे पासपोर्ट. १९५० च्या उन्हाळ्यात कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि काही आठवड्यांतच अधिकाऱ्यांनी तो पासपोर्ट मागितला. रॉबसन यांनी द्यायला नकार दिला. खात्याने तो रद्द केला आणि सीमेवरच्या चौक्यांना कळवलं की यांना बाहेर जाऊ देऊ नका.

कारण विचारल्यावर सांगण्यात आलं की त्यांचा परदेश प्रवास देशहिताचा नाही. आणखी खोदून विचारल्यावर खरं कारण पुढे आलं : अमेरिकेत कृष्णवर्णीयांना कसं वागवलं जातं, हे त्यांनी परदेशात सांगू नये. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणू नये, असा तो सूर होता. पुढे न्यायालयात खात्याने लेखी युक्तिवादात आणखी एक गोष्ट कबूल केली. हा माणूस आफ्रिकेतल्या वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षं झटतो आहे, हेसुद्धा पासपोर्ट नाकारायला पुरेसं कारण मानलं होतं. कम्युनिझमची ओरड ऐकून ज्यांना अजून वाटतं की सगळा प्रश्न मॉस्कोचा होता, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

समोर असलेले मार्ग

सगळ्यात सोपा मार्ग एका सहीचा होता. आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाही, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चौकशी समितीपुढे रॉबसन यांनी शपथेवर हेच सांगितलं होतं. म्हणजे खोटं बोलण्याचा प्रश्न नव्हता, नवीन काही कबूल करायचं नव्हतं. मग सही का नाही केली?

मला हा या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण वाटतो. १९४६ नंतर परिस्थिती पालटली होती. ‘तुम्ही कम्युनिस्ट आहात का’ हा प्रश्न आता नोकरी, घर आणि नागरिकत्व यांची चाळणी झाला होता. उत्तर ‘नाही’ असलं तरी ते देणारा माणूस, प्रश्न विचारण्याचा सरकारचा अधिकार मान्य करत होता, आणि ज्यांना ‘हो’ म्हणावं लागलं असतं त्यांना एकटं पाडत होता. हॉलिवूडचे लेखक याच प्रश्नावर तुरुंगात गेले होते. रॉबसन वकिलीचं शिक्षण घेतलेले होते. शांतपणे विचार करून, किंमत ठाऊक असताना, त्यांनी सही नाकारली.

दुसरा मार्ग गाण्यापुरतं जाण्याचा होता. परदेशात भाषण करणार नाही, फक्त गाईन, अशी तयारी दाखवली असती तर वाटाघाटीला जागा होती. पण ज्याची मैफल हेच त्याचं म्हणणं होतं, त्याच्यासाठी ही अट पहिलीपेक्षा जाचक होती.

तिसरा मार्ग गप्प बसण्याचा. वय बावन्न, नाव कमावलेलं, घरी बसून वादळ ओसरायची वाट पाहायची. त्यांच्या अनेक समकालीनांनी तेच केलं, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. चौथा मार्ग न्यायालयाचा. तो त्यांनी धरला, पण त्याला वर्षं लागणार हे त्यांना दिसत होतं. म्हणून पाचवा मार्ग त्यांना स्वतः शोधावा लागला : शरीराने सीमा ओलांडता येत नसेल तर आवाजाने कशी ओलांडायची?

काय केलं

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून ‘फ्रीडम’ नावाचं मासिक वृत्तपत्र सुरू झालं आणि १९५५ पर्यंत चाललं. तबकड्या काढायला कुणी तयार नव्हतं म्हणून मुलाने आणि मित्रांनी स्वतःची छोटी कंपनी काढली आणि वर्गणीवर तबकड्या घरोघर पोचवल्या. मोठी सभागृहं बंद होती, तेव्हा कृष्णवर्णीयांची चर्च आणि कामगार संघटनांची कार्यालयं उघडी होती. ते तिथे गात राहिले. डिसेंबर १९५१ मध्ये अमेरिकेतल्या वंशभेदाला वंशसंहार ठरवणारं निवेदन त्यांनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात स्वतः जाऊन दिलं. तेच निवेदन त्यांचे सहकारी विल्यम पॅटरसन यांनी पॅरिसला दिलं.

यातला सर्वांत देखणा डाव कॅनडाच्या सीमेवर खेळला गेला. जानेवारी १९५२ मध्ये खाणी आणि धातू कारखान्यांतल्या कामगारांच्या संघटनेने त्यांना व्हँकुव्हरच्या अधिवेशनाला बोलावलं. कॅनडात जायला अमेरिकी नागरिकाला पासपोर्ट लागतच नव्हता. तरी वॉशिंग्टन राज्यातल्या ब्लेन या गावी त्यांना अडवलं आणि पुढे गेलात तर कैद होईल अशी तंबी दिली. ते मागे फिरले, आणि दुसऱ्या दिवशी सिअ‍ॅटलमधून टेलिफोनवर गायले. व्हँकुव्हरच्या सभागृहात ध्वनिवर्धकावरून तो आवाज दोन हजार प्रतिनिधींनी ऐकला.

अधिवेशनात तिथल्या तिथे ठरलं : त्यांना इकडे येता येत नसेल तर आपण सीमेपर्यंत जाऊ. ब्लेनला दोन्ही देशांच्या हद्दीवर पीस आर्च नावाची पांढरी कमान आहे, १९२१ मध्ये उभारलेली. तिच्या आतल्या बाजूला लोखंडी दारं आहेत आणि ‘ही दारं कधीही बंद न होवोत’ अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. १८ मे १९५२ रोजी एक सपाट पाठीचा ट्रक अमेरिकेच्या हद्दीत, सीमेला जवळजवळ टेकवून उभा केला. त्यावर पियानो चढवला. रॉबसन ट्रकवर उभे राहून गायले आणि कॅनडाच्या हिरवळीवर लोक बसून ऐकत होते. त्या गर्दीचे अंदाज पंचवीस हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत जातात. सरकारी आदेश अक्षरशः पाळला गेला होता. पुढची तीन वर्षं दरवर्षी ही मैफल होत राहिली.

मला यात कल्पकतेपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हा डाव रॉबसन यांनी रचला नाही, खाणकामगारांनी रचला. वर्षानुवर्षं संपकऱ्यांसाठी फुकट गायलेला माणूस अडचणीत आला तेव्हा त्याच्यामागे रसिक मंडळं उभी राहिली नाहीत, कामगार संघटना उभ्या राहिल्या.

न्यायालयात मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालू होता. १९५२ मध्ये अपील न्यायालयाने पहिलं प्रकरण निकाली काढलं. कारण काय, तर ज्या पासपोर्टसाठी भांडता त्याची मुदतच आता संपली आहे. सरकारने रद्द केलेला पासपोर्ट खटला रेंगाळेपर्यंत कालबाह्य झाला आणि म्हणून खटला निरर्थक ठरला. दुसऱ्या खेपेला, १९५६ मध्ये, त्याच न्यायालयाने सांगितलं की खात्याच्या अंतर्गत सुनावणीची पायरी तुम्ही पूर्ण केलेली नाही, म्हणजे आधी तिथे जा. पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार खात्याला आहे की नाही, या मूळ प्रश्नाला दोन्ही वेळा हातच लागला नाही. या काळातलं एकच ठोस यश म्हणजे १९५५ मध्ये कॅनडाची वाट मोकळी झाली. फेब्रुवारी १९५६ मध्ये ते टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये गायले.

त्याच वसंतात ते गाढ नैराश्यात गेले. शस्त्रक्रिया झालेली होती, डॉक्टर प्रवासाला परवानगी द्यायला तयार नव्हते. अशा अवस्थेत १२ जून १९५६ रोजी ‘अमेरिकाविरोधी कारवायां’ची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्यांना हजर व्हावं लागलं. विषय होता पासपोर्टचा. एका सदस्याने विचारलं, रशिया इतका आवडतो तर तिथेच का राहिला नाहीत? रॉबसन यांनी सांगितलं की माझे वडील गुलाम होते, माझी माणसं हा देश उभारताना मेली, मी इथेच राहणार आणि तुमच्याइतकाच यातला वाटा घेणार. समितीने अवमानाची कारवाई सुचवली, पण सभागृहाने ती पुढे नेली नाही. त्या उत्तरानंतर त्यांना कठड्यात उभं करणं सरकारलाच परवडलं नसतं.

१९५६ च्या सप्टेंबरमध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल सुरू झाली होती. एका वेळी जेमतेम ३६ संभाषणं चालतील एवढी तिची क्षमता. ब्रिटनमध्ये ‘रॉबसन यांना गाऊ द्या’ ही मोहीम जोरात होती. २६ मे १९५७ रोजी त्या केबलच्या एका वाहिनीवरून रॉबसन न्यूयॉर्कमधून गायले आणि लंडनच्या सेंट पँक्रास सभागृहात हजारभर लोकांनी ते ऐकलं. ऑक्टोबरमध्ये वेल्सच्या खाणकामगारांनी पोर्थकॉल इथे आपल्या सांस्कृतिक मेळाव्यात तेच केलं. संघटनेचे अध्यक्ष विल पेंटर यांनी फोनवर त्यांचं स्वागत केलं, रॉबसन गायले, मग ट्रिओर्कीच्या पुरुष गायकवृंदाने त्यांना गाणं ऐकवलं आणि शेवटी सभागृहातले पाच हजार लोक समुद्रापलीकडच्या एका माणसासाठी एकसुरात गायले. जवळजवळ तीस वर्षांपूर्वी रस्त्यावर भेटलेल्या खाणकामगारांची ही पुढची पिढी होती.

मुंबईतला धागा

एप्रिल १९५८ मध्ये रॉबसन साठ वर्षांचे होणार होते. तो वाढदिवस अनेक देशांत साजरा करायचं ठरलं. भारतात त्यासाठी जी अखिल भारतीय समिती झाली तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. इंदिरा गांधी या कामात होत्या आणि नेहरूंनी जाहीर पाठिंब्याचं निवेदन काढलं. अमेरिकी मुत्सद्द्यांनी हे सगळं थोपवण्याचा प्रयत्न केला. यातून अमेरिकेचा अपमान होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. छागला बधले नाहीत.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. १९४९ मध्ये नेहरू अमेरिकेला गेले तेव्हा भारतात कम्युनिस्टांची धरपकड चालू होती, आणि त्या रागात रॉबसन यांनी आपल्या या जुन्या मित्राची भेट टाळली होती. नेहरूंनी ते मनात धरलं नाही. आणि छागला म्हणजे तेच न्यायमूर्ती, ज्यांनी १९५६ मध्ये लोकमान्य टिळकांचे खटल्यातले उद्गार कोरलेली शिळा मुंबई उच्च न्यायालयात, टिळकांना शिक्षा झालेल्या त्याच दालनाबाहेर बसवली. राजद्रोहाच्या आरोपाखाली बोलणाऱ्याचं तोंड बंद करणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९५८ च्या अखेरीस ते भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले.

या समारंभांनी पासपोर्ट मिळाला असं मी म्हणणार नाही. पण नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाचा एक मुख्य न्यायमूर्ती ज्याला उघडपणे गौरवतो, त्याला धोकादायक गुन्हेगार म्हणून जगापुढे उभं करणं त्यानंतर अवघड झालं. घरातलं भांडण चव्हाट्यावर येऊ नये म्हणून सरकारने दार लावून घेतलं होतं. त्या दारामुळेच ते भांडण मुंबई, लंडन, व्हँकुव्हरच्या चव्हाट्यावर गेलं.

निकाल

पासपोर्ट मिळाला तो दुसऱ्याच्या खटल्यामुळे. चित्रकार रॉकवेल केंट यांनी आपल्या नाकारलेल्या पासपोर्टसाठी लढा दिला होता. १६ जून १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की प्रवास हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि माणसाची मतं पाहून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार संसदेने परराष्ट्रमंत्र्यांना दिलेलाच नाही. काही दिवसांतच रॉबसन यांना पासपोर्ट मिळाला. जुलैमध्ये ते लंडनला उतरले, ऑगस्टमध्ये वेल्सला गेले, आणि १९५९ मध्ये स्ट्रॅटफर्डला पुन्हा ऑथेल्लो झाले. १९६० मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाऊसचं बांधकाम चालू असताना ते तिथे परांच्यांवर बसलेल्या मजुरांसमोर गायले.

त्याआधी १९५८ च्या सुरुवातीला त्यांचं आत्मकथनपर पुस्तक आलं होतं. गोऱ्या मालकीच्या मोठ्या वृत्तपत्रांनी ते अनुल्लेखाने मारलं. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत ते हातोहात खपलं.

शरीर आणि मन मात्र खचलं होतं. मार्च १९६१ मध्ये मॉस्कोत त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. नंतर लंडनमध्ये त्यांच्यावर दीर्घकाळ विजेच्या झटक्यांचे उपचार झाले. १९६३ च्या डिसेंबरमध्ये ते मायदेशी परतले तेव्हा नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती आणि तिच्या व्यासपीठावर त्यांना जागा नव्हती. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात त्यांचं निधन झालं. आपल्या आयुष्यातली सर्वांत भरीव आठ वर्षं, बावन्न ते साठ, त्यांच्याकडून काढून घेतली गेली आणि त्याची भरपाई कुठल्याही निकालाने झाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर खात्याच्या अंतर्गत सुनावणीला लवकर जायला हवं होतं. सुनावणी म्हणजे देखावा आहे हे रॉबसन यांचं म्हणणं बरोबरच होतं, पण देखाव्यात हजर राहून सही नाकारली असती तर १९५६ मध्ये न्यायालयाला पळवाट उरली नसती. १९५७ मध्ये ते सुनावणीला गेले, सही तेव्हाही केली नाही, आणि त्यांचं काही बिघडलं नाही. तत्त्व आणि प्रक्रिया यांची गल्लत इथे महागात पडली असं मला वाटतं.

सोव्हिएत संघाबाबतच्या मौनाची गोष्ट जास्त कठीण आहे. जून १९४९ मध्ये मॉस्कोत त्यांना त्यांचे मित्र, यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) कवी इत्झिक फेफर भेटले. फेफर त्या वेळी कैदेत होते, भेटीपुरते आणलेले होते. रॉबसन यांना धोका कळला. मैफिलीच्या शेवटी त्यांनी वॉर्सातल्या ज्यू वस्तीच्या उठावाचं गाणं यिद्दिशमध्ये गायलं, आणि त्या सभागृहात तसं करायला धैर्य लागत होतं. पण अमेरिकेत परतल्यावर त्यांनी तिथे ज्यूंवर अन्याय होतो हे नाकारलं. ऑगस्ट १९५२ मध्ये फेफर यांना गोळ्या घातल्या गेल्या. १९५६ मध्ये स्टालिनच्या काळातल्या अत्याचारांची कबुली खुद्द क्रेमलिनमधून आली, तरी रॉबसन जाहीरपणे काही बोलले नाहीत. आपल्या शत्रूंच्या हाती कोलीत द्यायचं नाही, हा त्यांचा हिशेब समजू शकतो. पासपोर्ट रोखलेला असताना तर तो आणखी समजतो. तरी माझ्या मते तो चुकला. मॉस्कोच्या सभागृहात जे गाण्यातून सांगितलं ते १९५६ नंतर शब्दांत सांगितलं असतं, तर त्यांच्या विरोधकांचं सगळ्यात धारदार हत्यार बोथट झालं असतं, आणि ज्या मित्रासाठी ते गायले त्याला न्याय मिळाला असता. त्यांची थोरवी मान्य करणाऱ्यांनी ही गोष्ट टाळून पुढे जाऊ नये.

आणि तिसरी बाजू त्यांच्या आपल्या माणसांची. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या देशातल्या सर्वांत जुन्या संघटनेने १९४५ मध्ये त्यांना आपलं मानाचं पदक दिलं होतं. १९५१ मध्ये त्याच संघटनेच्या मासिकात त्यांच्यावर टोपणनावाने लेख आला, वाट चुकलेला मेंढपाळ म्हणून. संघटनेला भीती होती की रॉबसन यांच्यासोबत दिसलो तर आपली सगळी चळवळच लाल ठरेल. भीती खरी होती. पण त्यांना दूर सारून सरकारकडून मिळालेलं अभय फार काळ टिकलं नाही. काही वर्षांतच दक्षिणेतली राज्यं त्या संघटनेकडेच सभासदांच्या याद्या मागू लागली.

जॅकी रॉबिन्सन यांची साक्ष याच भीतीतून घडवून आणलेली होती. त्यांनी त्या साक्षीत वंशभेदावरही कडक बोललं होतं, पण दुसऱ्या दिवशी मथळे झाले ते फक्त रॉबसन यांच्याविरुद्धच्या वाक्यांचे. १९७२ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात रॉबिन्सन यांनी लिहिलं की आज असं बोलावणं आलं तर मी ते नाकारेन, आणि रॉबसन यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला आहे. तो नकार जुलै १९४९ मध्ये आला असता तर समितीला तेवढ्याच उंचीचा दुसरा साक्षीदार शोधावा लागला असता, आणि त्या वेळच्या अमेरिकेत तसा दुसरा माणूस सहजी सापडला नसता.